काटा साठवर होता

दोन हजार तीन साली मी टेक्सासमधल्या एका विद्यापीठात मृदाशास्त्राची पीएच.डी. करत होते. विषय काळ्या जमिनीचा. परभणीला शेतकी कॉलेजात होते तेव्हापासून ही जमीन माझ्या ओळखीची. उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा, आणि पावसाळ्यात चपलेसकट पाय ओढून घेणारा चिखल. अमेरिकेत तीच माती पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं, पण डॅलसच्या दक्षिणेला ती मैलोन्मैल पसरली आहे. आमच्या विद्यापीठाची शेतं त्या पट्ट्यात चार-पाच ठिकाणी विखुरलेली होती आणि तिथे जायला विभागाकडे एक पांढरा डिझेल पिकअप ट्रक होता. त्याच्या हौद्यात मातीचे नमुने काढायचं हायड्रॉलिक यंत्र बसवलेलं होतं. पोलादी नळी जमिनीत दाबायची आणि चार फुटांपर्यंतची माती सलग वर काढायची. यंत्र इतकं जड, की ट्रक मागून कायम बसलेला दिसे.

ट्रक सांभाळायला एक तंत्रज्ञ होते. साठी ओलांडलेले, अंगाने सडसडीत, आणि त्याच विभागात तीस वर्षं काढलेले. पहिल्या आठवड्यात मी त्यांना सर म्हटलं तर म्हणाले, "सर म्हणजे तुझे प्रोफेसर. मी ट्रक चालवतो."

त्यांनी नावानेच हाक मार म्हणून सांगितलं, पण वडिलांच्या वयाच्या माणसाचं नुसतं नाव घ्यायला माझी जीभ रेटेना. ते त्यांच्या लक्षात आलं.

"तुमच्याकडे माझ्या वयाच्या माणसाला काय म्हणतात?"

"काका."

त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि मान डोलावली. तेव्हापासून ते माझे काका झाले.

काका फार सावकाश माणूस. रस्त्यावर साठची पाटी असली की काटा साठवर, एकसष्ट नाही. मागून गाड्या हॉर्न देत पुढे निघून जायच्या. मी एकदा म्हटलं, "काका, सगळे सत्तरने चालले आहेत." ते म्हणाले, "सगळ्यांच्या मागे हायड्रॉलिक यंत्र नाही." ते शेतकऱ्याच्या घरात वाढलेले होते. शेतावर पोचलो की आधी खाली उतरून चिमूटभर माती बोटांत चोळायचे आणि आज ट्रक आत न्यायचा की नाही ते ठरवायचे. आमच्याकडे ह्याला वाफसा म्हणतात, जमीन ना ओली ना कोरडी, कामाला बरोबर, असं मी त्यांना समजावलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला होता. इंग्रजीत ह्याला एक शब्द नाही, म्हणाले.

माझी अडचण अशी की मला वाफशाची वाट बघून चालणार नव्हतं. पाऊस पडल्यावर पाणी त्या मातीत कसं उतरतं, हाच माझ्या प्रबंधाचा विषय होता. नमुने पावसानंतर दोन दिवसांच्या आत हवे होते, आणि दोन दिवसांत तो ट्रक शेतात शिरला की रुतायचा. पहिल्या वर्षी आम्ही तीनदा रुतलो. तिसऱ्या वेळी तर ट्रकचं पोटच चिखलावर टेकलं, आणि शेजारच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणून ओढून काढेपर्यंत दुपार गेली. त्या पावसाचे नमुने हातचे गेले ते गेलेच.

मग मी वाचायला सुरुवात केली. ट्रक उंच करणारे, मोठे टायर लावणारे हौशी लोक टेक्सासमध्ये ढिगाने, आणि त्यांनी इंटरनेटवर सगळं लिहून ठेवलेलं. पस्तीस इंची रुंद टायर लावायचे. ते बसायला पुढे तीन इंच उंच स्प्रिंगा, मागच्या कमानपाट्यांमध्ये एकेक जादा पाटा, आणि लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर. पोट जमिनीपासून वर जाईल, वजन जास्त जागेवर पसरेल, यंत्राच्या भाराने मागची बाजू बसणार नाही. मी आकृत्या छापून काकांसमोर ठेवल्या.

त्यांनी त्या नीट पाहिल्या. "चाक बदललं की सगळा ट्रक बदलतो," ते म्हणाले. "ब्रेक उशिरा लागतो. स्टिअरिंग वेगळं लागतं. वेगाचा काटा खोटं बोलायला लागतो. नुसता टायर बदलला असं कधी नसतं."

"पण होईल ना?"

"होईल. पण व्हायला हवं का, ते मला माहीत नाही."

मी हट्ट सोडला नाही. माझ्या गाईडकडे गेले. एक पूर्ण पावसाळी हंगाम वाया गेलाय, असाच दुसरा गेला तर प्रबंध एक वर्ष लांबेल, असं सांगितलं. गाईडनी विभागाकडून परवानगी काढली. ते काकांना म्हणाले, "ही म्हणते तसं करून टाक." काका माझ्याकडे बघून हसले. रागावले नाहीत.

त्यांनी ते काम बाहेर दिलं नाही. अवजारांच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी मिळून केलं, दोन दिवस लागले. ट्रक जॅकवर उचलून खाली लोखंडी स्टँड लावले. मी खाली फळीवर उताणी पडून वर पाहत होते आणि काका एकेक भाग दाखवत होते, हा अ‍ॅक्सल, हा स्टिअरिंगचा दांडा, इथे कधीही बोट घालायचं नाही. जुन्या बोल्टांना गंज चढला होता. ते तेल सोडून वाट बघायचे, मी घाई केली की म्हणायचे, "बोल्टाला वेळ दे, तो स्वतःच सुटतो." मागचे पाटे सोडवून जादा पाटा मध्ये घातला, तेव्हा सगळी चळत आवळायला दोघांचा जोर लागला. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बायकोने दिलेलं सँडविच खाल्लं आणि मी दिलेली तिखट-मिठाची पुरीही. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. त्या दोन दिवसांइतकी खूश मी अमेरिकेत क्वचितच होते.

नव्या चाकांवर ट्रक खाली उतरवला तेव्हा तो दुसराच कुणीतरी वाटला. दारात चढायला मला दांडी धरावी लागली. काकांनी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर मडगार्डला घासतो का ते पाहिलं. एका बाजूला किंचित घासत होता, तिथला प्लास्टिकचा भाग कापला. मग चाकांचं अलाइनमेंट करून आणलं. राहिला फक्त वेगाचा काटा. टायर मोठा झाला की प्रत्येक फेऱ्यात ट्रक जास्त अंतर कापतो, पण ट्रकच्या कॉम्प्युटरला ते कळत नाही, म्हणून काटा प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो. ते दुरुस्त करायला कॉम्प्युटर जोडावा लागतो, आणि ते यंत्र आमच्या गावात नव्हतं. डॅलसकडच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये होतं.

"गुरुवारी तू नमुने द्यायला तिकडे जातेयस ना," काका म्हणाले. "जाता जाता काटा करून आण. तोवर मी कुणाला ट्रक चालवू देणार नाही."

माझा नवरा तेव्हा डॅलसजवळच्या अर्विंगला आयटीत नोकरी करत होता. आमचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, आणि त्यातले बहुतेक दिवस तो तिथे आणि मी इथे. मला शनिवार-रविवारी शेतावर जावं लागे. त्याला शनिवार-रविवारी क्लायंटचं काम निघे. त्याआधीचे तीन शनिवार-रविवार असेच गेलेले होते.

मी प्रयोगशाळेत नमुने दिले आणि सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, पुढे तीन गाड्या आहेत, दोन तास तरी लागतील. मी बसले. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"आज रिलीज कॅन्सल झालं, मी आत्ता मोकळा आहे. तू आहेस ना इकडेच? चल ना यार, लंच करू."

"माझ्याकडे विद्यापीठाचा ट्रक आहे."

"मग काय झालं? कोण बघतंय?"

विद्यापीठाची गाडी खाजगी कामाला न्यायची नाही हा नियम होता. चाव्या घेताना त्याच्यावर सही केलेली होती. मी काउंटरवर जाऊन सांगितलं की नंतर येते. अर्विंगला आम्ही डोसा खाल्ला. किराणा दुकानातून कढीपत्ता, रवा, कोहळ्याचा मुरांबा घेतला. त्याच्या अपार्टमेंटवर तासभर बसलो. तो खिडकीतून तो उंच ट्रक बघून हसत होता, त्यानेही एकदा वर चढून पाहिलं. निघायला उशीर झाला आणि सर्व्हिस सेंटर बंद व्हायची वेळ टळून गेली.

शुक्रवारी सकाळी काकांनी विचारलं, "काटा झाला?"

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग दिवसभर कुठे होतीस? मग अर्विंगचं सांगावं लागलं असतं.

"हो, झालं," मी म्हटलं.

त्यांनी ट्रकची देखभाल वही काढली आणि टायर, स्प्रिंगा, अलाइनमेंट ह्यांच्या खाली आपल्या सरळ अक्षरात लिहिलं: वेगाचा काटा, दुरुस्त. पुढच्या गुरुवारी गुपचूप करून आणायचं असं मी ठरवलं होतं. पुढच्या गुरुवारी जोराचा पाऊस झाला आणि आम्ही शेतावर होतो. ट्रक रुतला नाही. पाण्याच्या डबक्यांतून, चिखलातून तो आरामात गेला. काका म्हणाले, "मान्य. तुझं बरोबर होतं." मला इतका अभिमान वाटला की काट्याचं त्या दिवशी मनातही आलं नाही.

दीड महिन्यानंतर काका एकटेच लांबच्या शेतावर गेले होते. वाटेत साठची पाटी असलेल्या एका रस्त्याचं काम चालू होतं. तिथे पोलिसाने त्यांना थांबवलं. परत आले तेव्हा तिकीट हातात होतं. ते ट्रकच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "काटा साठवर होता असं मला वाटलं. म्हणजे मी पाहिलं होतं. तो म्हणाला अडुसष्ट."

मी म्हटलं, "पोलिसांचं यंत्रही चुकतं काका."

"चुकत असेल," ते म्हणाले, पण त्यांना ते पटलं नव्हतं.

दोन दिवसांनी मी एकटीच ट्रक घेऊन गेले होते तेव्हा हायवेवर मैलांच्या खुणा बघून घड्याळ लावलं. काटा साठवर धरला तर एक मैल एका मिनिटात व्हायला हवा. त्रेपन्न सेकंदांत झाला. मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा त्रेपन्न.

इथून पुढचं सांगताना मला स्वतःची बाजू घ्यायला काही सापडत नाही. आधी जे झालं ते आळसाने, नवऱ्याला भेटायच्या ओढीने, भीतीने झालं होतं. आता मला नक्की माहीत होतं. त्या दिवसापासून मी स्वतः ट्रक चालवायला बसले की काटा बावन्न-त्रेपन्नवर ठेवायची. स्वतःपुरती काळजी मी घेतली. काका चालवत असले आणि मी शेजारी असले की म्हणायची, "काका, थोडं हळू चालवा ना, मला उंचावर भीती वाटते." ते लगेच हळू करायचे. एवढ्याने भागेल असं मी स्वतःला समजावत होते. डॅलसला द्यायचे नमुने तेव्हा नव्हते, तरी एकदा धीर करून विचारलं, "मी ट्रक जरा डॅलसला नेऊन आणू का?" ते म्हणाले, "कशाला?" मी म्हटलं, "असंच." ते म्हणाले, "असंच ट्रक नेता येत नाही, तुला माहीत आहे." विषय संपला.

दुसरं तिकीट महिन्याच्या आत आलं, त्याच रस्त्यावर. मी ट्रकमध्ये नव्हते.

काकांच्या नावावर आधीच्या वर्षी एक तिकीट होतं. बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या दिवशी हॉस्पिटलकडे जाताना स्वतःच्या गाडीत मिळालेलं. एकूण तीन झाली. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे तीन तिकिटं झालेल्या माणसाला विद्यापीठाची गाडी चालवता येत नव्हती, पण त्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घेत. गाईडच्या ऑफिसात बैठक होती. गाईड, काका, आणि वाहन सुरक्षेच्या ऑफिसातल्या एक बाई. मी शेजारच्या खोलीत बसून आकडे भरत होते. थोड्या वेळाने गाईडनी दार उघडून मला सांगितलं, "ट्रकची देखभाल वही घेऊन ये."

मी वही नेऊन टेबलावर ठेवली. बाईंनी पानं उलटली. "टायर बदललेत तुम्ही. मोठे केलेत. काट्याची दुरुस्ती केली होती का?"

"केली आहे," काका म्हणाले. "लिहिलंय खाली. ह्या मुलीनेच नेला होता."

बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरोबर आहे?"

त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांचा आवाज साधा होता; त्यांना फक्त एक चौकट भरायची होती. गाईड माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या सहीवर माझी असिस्टंटशिप होती आणि असिस्टंटशिपवर माझा व्हिसा. काका माझ्याकडे पाहतही नव्हते. मी काय म्हणणार ह्याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती.

"हो," मी म्हटलं.

बाईंनी काकांना विचारलं, "मग तुम्हाला काही सांगायचं आहे?"

काकांनी हातातली टोपी टेबलावर ठेवली. "मला वाटतं, माझे डोळे," ते म्हणाले. "किंवा माझं लक्ष. मी काटा पाहतो आणि मला साठ दिसतो. दोनदा तसंच झालं. माणसाचं वय होतं."

वहीची अजून गरज आहे का असं विचारून मी बाहेर आले आणि आकडे भरायला बसले. त्या पानातले आकडे नंतर पुन्हा भरावे लागले.

काकांना माती वाळवायच्या खोलीत काम दिलं. भट्टीत नमुने ठेवायचे, काढायचे, चाळायचे, वजन करायचं. खोलीला खिडकी नव्हती. ट्रक मी चालवायला लागले. पहिल्याच आठवड्यात डॅलसला नेला, दोन तास बसले, आणि काटा दुरुस्त करून आणला. वहीत काही लिहिलं नाही, कारण वहीत तो आधीच दुरुस्त होता.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांची नोकरी तर नाही ना गेली?" नोकरी गेली नव्हती, हे खरं होतं. "मग आता उकरून काढू नकोस. तुझा व्हिसा गेला तर दोघांचंही अवघड होईल." त्याचं म्हणणं मी चटकन मान्य केलं. मला तेच ऐकायचं होतं.

काकांनी डोळे तपासून घेतले. डॉक्टरांना फारसं काही सापडलं नाही, पण त्यांनी नवा चष्मा केला. मग एके दिवशी कळलं की त्यांनी स्वतःची गाडी विकली. मी विचारलं, "का?" तर म्हणाले, "नातीला शाळेत सोडायला जायचो. एखाद्या दिवशी काही झालं तर? मला माझ्यावर भरवसा राहिला नाही." हे त्यांनी चाळणीवर माती घासत अगदी सहज सांगितलं. मी शेजारी नमुन्याच्या पिशव्यांवर क्रमांक लिहीत होते. तेव्हाही बोलता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो.

त्यानंतर रोज सकाळी आठला त्यांची बायको त्यांना विभागाच्या दारात सोडायची आणि पाचला न्यायला यायची. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने तीच गाडी चालवायची. काका शेजारच्या सीटवरून उतरायचे, डबा घ्यायचे, तिला हात करायचे. माझी खोली त्याच बाजूला होती. ते बघावं लागू नये म्हणून मी आठच्या सुमाराला प्रयोगशाळेत जायची सवय लावून घेतली.

माझे नमुने चांगले आले. पुढचे दोन्ही हंगाम त्या टायरांमुळे एकही पाऊस हुकला नाही. पावसानंतर मी नळीभर माती आणून त्यांच्या टेबलावर ठेवायची आणि ते विचारायचे, "कसं होतं आज?" मी सांगायची: खालच्या कोपऱ्यात पाणी साचलंय, पूर्वेच्या बाजूला भेगा मिटल्या नाहीत अजून. ते बारकाईने ऐकायचे. नंतर नंतर विचारेनासे झाले.

दोन हजार सहा साली ते निवृत्त झाले. अजून तीन वर्षं काम करायचं त्यांच्या मनात होतं, हे गाईडनी मला निरोप समारंभात सांगितलं. पुढच्या वर्षी माझा प्रबंध झाला. आभारांत मी पहिलं नाव त्यांचं घातलं आणि एक लांब परिच्छेद लिहिला. तोंडी परीक्षेला ते इस्त्रीचा शर्ट घालून बायकोबरोबर आले, मागच्या रांगेत बसले. संपल्यावर मी त्यांना तो परिच्छेद दाखवला. त्यांनी चष्मा सावरून दोनदा वाचला आणि त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांना तो काय प्रकार आहे ते कळलं नाही, त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं. इतकं वाईट मला त्या बैठकीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मग आम्ही टेक्सास सोडून दूर बॉथेलला आलो. नवऱ्याला तिथे नोकरी मिळाली होती, मलाही एका छोट्या कंपनीत मिळाली. दोन हजार आठच्या वसंतात काकांच्या बायकोचं पत्र आलं. तिचा दुसरा गुडघाही गेला होता. तिने लिहिलं होतं, आता मी फार लांब गाडी नेऊ शकत नाही, आणि तो तर चालवत नाहीच, त्यामुळे आम्ही रविवारी चर्चला जायचंही कमी केलंय. तक्रार म्हणून लिहिलेलं नव्हतं. तुझी आठवण काढतो तो, असं शेवटी होतं.

ते पत्र मी आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरले आणि एका रविवारी सकाळी फोन केला. काकांनीच उचलला. आवाज ऐकून त्यांना आनंद झाला. तिकडे पाऊस कसा आहे, तिथली माती कशी आहे, विचारत होते. मी मध्येच म्हटलं, "काका, मला तुम्हाला एक सांगायचं आहे. टायर बदलल्यावर मी काटा करून आणला नव्हता."

"कुठला काटा?"

मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. गुरुवार, अर्विंग, नवरा, वही, त्रेपन्न सेकंद, बैठक. मी एकदाही न थांबता सांगितलं, कारण थांबले असते तर पुढे गेले नसते. संपल्यावर त्यांनी विचारलं, "त्या दिवशी दुकान बंद होतं का?"

मला वाटतं, ते माझ्यासाठी वाट काढत होते. "नाही," मी म्हटलं. "उघडं होतं."

"आणि किती फरक होता म्हणालीस?"

"साठला अडुसष्ट."

मग ते म्हणाले, "म्हणजे मी पाहिलं ते बरोबर होतं. साठच होता."

"हो काका."

"माझे डोळे ठीक होते."

"हो."

त्यांनी फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. बंद केला नव्हता. त्यांची पावलं ऐकू आली, मग लांबून त्यांचं बोलणं, मग त्यांच्या बायकोचा आवाज, प्रश्न विचारल्यासारखा. एक दार उघडून मिटलं. मी रिसीव्हर कानाला लावून उभी होते. शेवटी तिने फोन घेतला.

"तो बाहेर गेलाय," ती म्हणाली. "अंगणात उभा आहे."

"मला माफ करा," मी म्हटलं.

"मला आत्ता काही बोलता येणार नाही," ती म्हणाली. "तू ठेव फोन. मला वाटलं तर मी करीन."

तिने केला नाही. महिनाभराने मी दोघांना पत्र लिहिलं, सहा पानं. पाठवण्याआधी चार पानं काढून टाकली, कारण ती माझ्याबद्दल होती. विद्यापीठाच्या वाहन सुरक्षेच्या ऑफिसलाही लिहिलं, की त्या दोन तिकिटांत चालकाची चूक नव्हती, चूक माझी होती, आणि तशी नोंद व्हावी. दीड महिन्याने उत्तर आलं. संबंधित कर्मचारी निवृत्त झाले असल्यामुळे त्यांची चालक-नोंद आता ठेवली जात नाही, सबब दुरुस्ती करता येत नाही, कळवल्याबद्दल आभार. त्या उत्तराची एक प्रत मी काकांना पाठवून दिली. सोबत काय लिहावं ते सुचेना, म्हणून पाकिटावर फक्त पत्ता लिहिला.